मोहफुलांच्या वाटेवरचा पाठलाग

ती केस मी अजून विसरलेलो नाही. तिच्यात मी चुकलो होतो, आणि ती चूक आरोपीच्या वकीलबाईंनी माझ्याच ठाण्यात, माझ्यासमोर बसून मला दाखवली.

सिंदेवाहीच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. मोहफुलांचा हंगाम होता. या दिवसांत बाया उजाडताच टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि वाकून फुलं वेचतात. वाकलेल्या माणसावर वाघ मागून येतो, म्हणून वन विभागाचा एक रोजंदारी मजूर काठी घेऊन प्रत्येक टोळीच्या मागे चालतो.

एका सकाळी पंचविशीतली एक बाई भावाला घेऊन ठाण्यात आली. महिला शिपायाने तिचा जबाब घेतला. नवरा दारू पिऊन मारायचा. दिवाळीत त्याने तिचा हात मोडला, तेव्हापासून ती माहेरी होती. दवाखान्याचे कागद तिच्याजवळ होते. आता काही दिवसांपासून तो जंगलात तिच्या मागे येत होता.

“मी थांबली का थांबते, मी चालली का चालते,” ती म्हणाली. “बोलत नाई काहीच. मांगं राह्यते फक्त.”

नवरा वन विभागात रोजंदारीवर होता, पण त्याची ड्युटी नाल्यापलीकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. “साहेब, थो आताच गेला तिच्या मांगं. काठी हाये हातात.”

आम्ही जीपने गेलो. तो बायांच्या मागे पन्नास पावलांवर सापडला. त्याला अटक केली, काठी जप्त केली, पंचनामा केला. मारहाण आणि पाठलाग, दोन्ही कलमं लावून गुन्हा दाखल झाला.

चौकशीला मी स्वतः बसलो.

“बायकोले मारलास?”

“मारलो, साहेब. हात मोडला थो माह्यानंच मोडला.”

“मग आता मागे काऊन फिरतोस?”

“तिच्या मांगं नाई, साहेब. बायांच्या मांगं. वाघीण पिल्लं घेऊन इकडं आली ना. गार्डसाहेबानं सांगतलं, तू इकडं ये म्हणून.”

मी वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, असं काही सांगितलं नाही. ड्युटी रजिस्टरातही नाल्यापलीकडचीच नोंद होती. माझ्या मनात केस तिथेच संपली. ज्याने एक गुन्हा सरळ कबूल केला, त्याचा दुसरा नकार आम्ही पोलीस सहसा ऐकत नाही. मीही ऐकला नाही.

आरोपीकडे वकील लावायची ऐपत नव्हती. विधी सेवा समितीकडून त्याला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. नागभीडकडच्या एका खेड्यातून त्या एसटीने कोर्टात यायच्या. मीही घरातला पहिला पदवीधर. अशा घरातून शिकून आलेलं माणूस मला चालण्यावरून ओळखू येतं. तरी मनात म्हटलं, आता ह्या वकीलबाई फिर्यादीबाईच्या चारित्र्यावर बोलणार. असे बचाव मी पुष्कळ पाहिले होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीचा मोठा भाऊ त्यांच्या मागे लागला होता. मी बाजूलाच उभा होतो.

“बाई, सारंच नाई म्हणा ना. मारलं नाई, मांगं गेला नाई. झालं.”

“भाऊ, तिचा हात मोडला तो काय झाडावरून पडून?”

“तसंच म्हणा.”

“मग दुसरा वकील पाहा तुम्ही. आणि मी खोटं बोलले, तर त्याचं खरं कोण ऐकेल?”

भाऊ पुटपुटला, “ह्या बाईनं तर पोरगा बुडवला.”

दोन दिवसांनी वकीलबाई ठाण्यात आल्या. बसायला सांगितलं तेव्हा बसल्या. त्यांनी आरोपीला तुरुंगात भेटून जे विचारलं होतं, ते मला सांगितलं.

अटकेआधीच्या त्या दिवसांतले मधले तीन दिवस त्याची बायको फुलं वेचायला आलीच नव्हती, नागभीडला लग्नाला गेली होती, असं तो बोलता बोलता म्हणाला होता. वकीलबाईंनी विचारलं, “मग ते तीन दिवस तू कुठे होतास?” तो म्हणाला, “तिथीच. बाकीच्या बाया तर होत्या ना.”

“साहेब,” त्या मला म्हणाल्या, “वाघिणीसाठी त्या वाटेवर ट्रॅप कॅमेरे लावलेत. त्यांच्यात माणसंही येतात. ते तीन दिवस पाहून घ्या. तो दिसला नाही, तर मी गप्प बसेन.”

मी त्याच दिवशी वन विभागाला पत्र दिलं. कॅमेऱ्यांची कार्डं पंचांसमोर ताब्यात घेतली आणि फोटो पाहायला बसलो. रोज सकाळी आधी टोपल्या घेतलेल्या बाया, मग तो. त्या तीन दिवसांतही तसाच. बायको टोळीत नाही, तो मात्र काठी घेऊन मागे. बहुतेक फोटोंत त्याचं तोंड बायांकडे नव्हतंच, बाजूच्या झुडपांकडे होतं.

वनरक्षकाला पुन्हा बोलावलं. फोटो समोर ठेवल्यावर तो म्हणाला, “तोंडीच सांगतलो होतो, साहेब. लेखी नसताना ड्युटी बदलाची नाई असं वरून होतं. नोकरीले भ्यालो.”

त्या भीतीपायी एका माणसाची रोजी जाणार होती. पाठलागाचं कलम कायम राहिलं असतं, तर बायांच्या मागे चालायचं काम त्याला पुन्हा कोणी दिलं नसतं, आणि त्याला दुसरं काम येत नव्हतं.

पाठलागाचं कलम मी कमी केलं. मारहाणीचं दोषारोपपत्र कोर्टात गेलं. तिथे त्याने गुन्हा कबूल केला. कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं आणि बायकोच्या घराकडे न फिरकण्याचा आदेश दिला. त्याचं काम टिकलं.

मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. कलम कमी करण्याचा अहवाल मी लिहीत असताना वकीलबाई आल्या होत्या. त्यांच्या दोन विनंत्या होत्या. पहिली, त्याची ड्युटी तिच्या टोळीमागे पुन्हा लागू नये असं वन विभागाला कळवावं. दुसरी, फिर्यादीबाईला ठाण्याने स्वतः जाऊन सगळं समजावून सांगावं.

महिला शिपाई गेली, वकीलबाई ठाण्यातच थांबल्या. परत येऊन तिने फिर्यादीबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले: “मले का मालूम ड्युटी हाये म्हणून? मले मांगं थोच दिसे, अन् मोडला हात दुखे.”

ऐकून वकीलबाईंनी माझ्यासमोरच्या अहवालाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “साहेब, तिने खोटी तक्रार केली नाही, हे अहवालात लिहा. उद्या कोणी तिच्यावर उलटू नये.”

आरोपीच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाने फिर्यादीसाठी काही मागितल्याचं माझ्या नोकरीत तेव्हा पहिल्यांदा घडलं. मी ते वाक्य लिहिलं. लिहिताना मला माझी लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल आदर वाटला. तो आदर आजही आहे. बचावाचा वकील म्हणजे आमच्या तपासावर पाणी टाकणारा माणूस, अशी माझी समजूत होती. माझा तपास त्यांनीच पुरा केला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एका फिर्यादीत दोन आरोप असले, की मी तपासाचे दोन वेगळे कागद करत असे. नवीन पोरं विचारायची, साहेब, एकाच माणसाचे दोन कागद कशाला? मी सांगायचो, एकाच कागदावर लिहिलं, की पहिल्या आरोपाची कबुली दुसऱ्या आरोपावर आपोआप चढते, म्हणून.