दाईचा गडवा

पंचाहत्तरच्या सुमारास मी शेलूबाजारच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथं एक दाई दर बाजाराला डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला यायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला, घासून लखलखीत केलेला पितळी गडवा. ज्या घरात हिच्या हातावर बाळ जन्मायचं, तिथंच हिला पाणी मात्र वरून ओंजळीत ओतत. म्हणून ती स्वतःचं पाणी घेऊन फिरायची.

"वय पस्तिशीचं अन् रक्तदाब साठीचा!" डॉक्टर चिडायचे.

ती हसायची. "मी बाई, त्यात बौद्ध, अन् वरून लंगडी. ओझे तीन, डोक्शं एकच. दुखन नाई त काय करन?"

एका बाजाराला ती हसतच आत आली.

"काल एका मोठ्या घरी सून अडली होती. पोरगी झाली, रडली, अन् घाबरून घसा सुकलेल्या सासूनं माहाच गडवा गटागटा रिकामा केला! मंग ध्यानात आलं, गडवा कोनाचा."

"मग?"

"म्या इचारलं, आनखी आनू का?"

सगळा दवाखाना हसला. सवयीनं मी गोळ्या मोजू लागलो.

"मले नोका देऊ," ती म्हणाली. "सासूकडे धाडा. आज तिचं डोक्शं दुखत असन."