कावळ्याचा घास

जेवणाआधी बायको खिडकीत कावळ्यासाठी पोळीचा तुकडा ठेवते. कावळा मान वर करतो, दोन हिसके देतो आणि घास उतरवतो. मीही तसाच जेवतो. माझी अन्ननलिका कित्येक वर्षं घास पुढे ढकलतच नाही. उभं राहायचं, वर पाणी प्यायचं, मान ताणायची. तरी सकाळचा भात संध्याकाळी छातीत बसलेला असतो, आत कुणीतरी वाट बघत थांबल्यासारखा. लोक बोलता बोलता गिळतात, त्यांना कळतही नाही.

सोमवारी ती नळीच काढणार आहेत. "जठर वर ओढून गळ्याशी जोडू," डॉक्टर सहज म्हणाले.

आज कावळा आला, पण तुकड्याला शिवेना. माझ्याकडेच बघत राहिला. बायकोने नकळत हात जोडले. "शिवा हो. मुलांचं मी सगळं बघेन, काळजी करू नका."

बोलून गेली आणि जागच्या जागी थिजली. हे तर दहाव्याला घाटावर पिंडापुढे म्हणतात.

कावळ्याने लगेच तुकडा उचलला, मान वर केली.

माझ्या गळ्यातून काहीतरी अलगद खाली उतरलं. मी अजून पहिला घासही घेतला नव्हता.