नुसतं ‘छान’ चालणार नाही

नियमकाकू बसून बोलल्याचं मला आठवत नाही, एक वेळ सोडून. त्यांचा आवाजी निरोप फोनवर आला की आधी चपलेची फटक फटक ऐकू यायची, मग वारं, मग मोटरपंपाची घरघर, आणि मग काकू. मधेच कोणाला तरी “तिकडचं पानी तोड” असं सांगायच्या आणि पुन्हा आमच्याकडे वळायच्या. वलगावला त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. सकाळी अमरावतीच्या बाजारात फुलं पोचवायची आणि उरलेला दिवस धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येरझारा घालत आमच्यावर राज्य करायचं, हे त्यांचं काम.

आमच्यावर म्हणजे ‘लिहून राह्यलो’ या आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर. वऱ्हाडीत गोष्टी, कविता, आठवणी असं काहीबाही लिहिणाऱ्यांचा हा ग्रुप. अमरावती, अकोला, धामणगाव, कुठून कुठून माणसं. शेतकरी, मास्तर, एक नर्सबाई, आणि मी, अकोल्यात औषधांचं दुकान चालवणारा चिडका माणूस. गिऱ्हाईक नसलं की मला लिहायची खाज येते आणि लिहिताना गिऱ्हाईक आलं की राग येतो. काकू स्वतः एक ओळ लिहायच्या नाहीत. पण ऐकायची, वाचायची भारी हौस, म्हणून ग्रुप त्यांनीच काढला. “मले लिहिता येत नाई, पन कोनं कसं वागाव थे समजते,” असं म्हणायच्या. नियम त्यांचे, म्हणून नाव नियमकाकू. खरं नाव निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

मी नवीन आलो तेव्हा माणसं जोडायची म्हणून दिसेल त्या लेखाखाली अंगठा टाकत सुटलो होतो. काकूंचा निरोप आला, सगळ्यांसमोर. “भाऊ, अंगठा तं माह्या आज्यानं बी देल्ला सातबाऱ्यावर. तुमी शिकलेले हा ना? आवडलं असन तं कोन्ती ओळ आवडली थे सांगा. नसन आवडलं तं चूप राहा. नुसतं छान चालनार नाई.” माझं डोकंच सटकलं. पन्नाशीच्या माणसाला कोण कुठली बाई चारचौघांत झापते म्हणजे काय! ग्रुप सोडायचाच म्हणून फोन हातात घेतला. पण जाता जाता एक ओळ तरी दाखवून जाऊ, म्हणून नर्सबाईंचा लेख उघडला आणि ओळ शोधता शोधता तो पूर्ण वाचून झाला. त्याआधी मी त्या ग्रुपवर काहीच वाचलेलं नव्हतं, हे तेव्हा समजलं.

असे त्यांचे बरेच नियम होते. आपलं टाकायच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी लिहिण्यावर बोलायचं. सणावाराची चित्रं आपापल्या नातेवाइकांना पाठवायची, इथं नाही. कोणी आपला लेख काढून घेतला तर का काढला असं विचारायचं नाही. हे नियम मोडले तर काकू नुसत्या बोलायच्या. पण दोन नियम मोडणाऱ्याला बाहेरचा रस्ता होता. दुसऱ्याचं लिहिणं आपलं म्हणायचं नाही, हा एक. आणि इथलं इथंच, हा दुसरा. ज्याचं त्यानं आपलं लिहिणं कुठंही न्यावं, पण दुसऱ्या कोणी ते दाराबाहेर काढायचं नाही.

त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आमच्यात होता. बँकेत नोकरीला, गोड पोरगा, काकूंचा जीव की प्राण. त्याला मास्तरांची कविता फार आवडली आणि त्यानं ती मास्तरांच्या नावासकट स्वतःच्या स्टेटसला लावली. काकूंनी त्याला काढून टाकलं. धामणगावहून बहिणीचा रडत फोन आला, खुद्द मास्तरांनी जाऊ द्या म्हटलं, मीही मध्ये पडलो. काकू धुऱ्यावरून फटक फटक चालत होत्या. “भाऊ, लोक इथं मायले नाई सांगत थे सांगून राह्यले. कायच्या भरोशावर? एका नियमाच्या.” मी तेव्हा त्यांचा दुय्यम ॲडमिन होतो, म्हणजे मान हलवायला.

तेल्हाऱ्याची एक सून ग्रुपवर होती. शेतीवाडीचं मोठं घर, घरात सासू, जाऊ. नाव न दाखवता लिहायची, आम्ही तिला तेल्हारेवाली म्हणायचो. एकदा तिनं एक लेख टाकला. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात ती एक दिवस पिशवी भरून घरातून निघाली आणि अकोल्याच्या स्टँडवर उतरली. पुढं कुठं जायचं ठरलेलं नव्हतं. समोर लागलेल्या गाड्या पाहत बसली, एक कचोरी खाल्ली, एक गाडी सोडली, दुसरी सोडली, आणि तिसरी तेल्हाऱ्याची लागली तर तिच्यातच बसून परत आली. घरी सांगितलं, बांगड्या भरायला गेली होती. शेवटची ओळ होती, “वापस काहून आली, थे मले अजून समजलं नाई.”

त्या दिवशी ग्रुपवर जो तो आपली ओळ सांगत होता. काकूंचा निरोप सगळ्यांत शेवटी आला. नुसतं वारं आणि चपला, आणि मग, “मले सगळ्याच आवडल्या व माय.” स्वतःचा नियम त्यांनी तेवढ्यापुरता वाकवला, म्हणून मी चेष्टाही केली.

काही दिवसांनी एक गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं, भाऊ, तुम्ही लिहिता-बिहिता, हे ऐका. त्यानं फोन काउंटरवर ठेवला. आधी चपलेची फटक फटक ऐकू आली, मग वारं, मग नियमकाकू. सावकाश, एकेक शब्द जपून त्या तेल्हारेवालीचा लेख वाचत होत्या. त्या माणसाला हे त्याच्या बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर आलं होतं आणि त्या बायकांना आणखी कुठून तरी. मी त्याला खोकल्याच्या औषधाऐवजी मलम दिलं. तो परत बदलायला आला तेव्हाही माझं लक्ष नव्हतं.

तितक्यात ग्रुपवर तेल्हारेवालीचा निरोप पडला. “माहं बाहेर गेलं. जावेच्या फोनवर आलं. सासूबाई पिशवीचं इचारून राह्यल्या.” बस, एवढंच. मग ग्रुपवर जे सुरू झालं ते विचारू नका. कोणी नेलं, कोणी नेलं, प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. एरवी गाईसारखे गरीब मास्तर नर्सबाईंवर घसरले. काकू मात्र गप्प. मला उत्तर माहीत होतं आणि ते माझ्या पोटात मावत नव्हतं. दुकानात बसवेना, घरी जेवण जाईना. शेवटी शटर ओढलं आणि गाडी पकडून वलगाव गाठलं.

काकू झेंडूच्या ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत, मीच सोबत चालू लागलो. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. भाच्याच्या त्या प्रकरणापासून बहीण त्यांच्याशी बोलत नव्हती. मग ती आजारी पडली, उदास राहू लागली, कोणाशीच बोलेना. काकूंना वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. म्हणून त्यांनी लेख वाचून तिला पाठवला. बहिणीला इतकं बरं वाटलं की तिनं तो चार जणींना पाठवला.

“मले वाटलं, लिहिलेलं थोडीच पाठोलं, मी तं वाचून दाखोलं,” काकू म्हणाल्या. “बहिनीले वाचून दाखवनं म्हनजे बाहेर नेनं होते काय?” आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. “होते, भाऊ. होते.”

मी म्हटलं, माफी मागून टाका, लोक समजून घेतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झेंडूकडे पाहू लागलो. माफीनं तेल्हाऱ्याच्या त्या पोरीचं घर थोडंच वाचणार होतं? काकूंनी तिला फोन करून विचारलं होतं, तिथं रोज जेवताना पिशवीचा विषय निघत होता, नवरा बोलायचा थांबला होता, सासू तिच्या माहेरी फोन करायचं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी काकू एस.टी.नं अकोल्याला आल्या आणि तिथून मी त्यांना माझ्या गाडीवर तेल्हाऱ्याला नेलं. काय करणार ते रस्ताभर सांगितलं नाही. सोबत शेवंतीची फुलं आणली होती, ती सासूबाईंच्या हातात दिली. आणि काकू खुर्चीवर बसल्या. मांडीवर हात ठेवून, अगदी स्थिर. त्या बसून बोलल्या ती हीच एक वेळ.

“ताई, फोनवरचं थे बोलनं माहं हाय,” काकू म्हणाल्या. “पिशवी घेऊन मी गेली होती अकोल्याले. तुमच्या सुनेवर आळ येऊन राह्यला असं समजलं, म्हनून आली.”

सासूबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. आवाज तर तोच होता, त्यात शंकेला जागा नव्हती. मग त्यांनी विचारलं, “मंग वापस काहून आल्या?”

सून चहा घेऊन दारातच उभी होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. “थे मले अजून समजलं नाई, ताई,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा दारातल्या सुनेकडे. मग सुनेला म्हणाल्या, साखर कमी वाटते, आणखी घाल पाहुण्यांच्या चहात. आणि पिशवीचा विषय त्या घरातून गेला.

निघताना सुनेनं काकूंना कुंकू लावलं. वाकून पाया पडताना हळूच म्हणाली, “घर वाचलं, काकू. पन थे माहं होतं.”

“माईत हाय मले,” काकू म्हणाल्या.

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेलीच होती. काकू चढेनात. फोन काढून उभ्याउभ्या काहीतरी दाबत राहिल्या, तोवर गाडी गेली. मी म्हटलं, निदान एक कचोरी तरी खा. नको म्हणाल्या. “दोन नियम मोडले, भाऊ. इथलं बाहेर नेलं आन दुसऱ्याचं माहं म्हनलं. भाच्याले तं एकासाठीच काढलं होतं.” तितक्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर एक बारीक ओळ आली होती, काकू बाहेर पडल्याची. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो आणि त्या पुढची गाडी कोणत्या फलाटाला लागते ते पाहत होत्या. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की नीट निरोपही देता आला नाही.

ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं, काकू का गेल्या? मी काही सांगितलं नाही. माणसं मला शिष्ट म्हणाली, म्हणू देत. वलगावात मात्र ती आवाजी गोष्ट पोचायची ती पोचलीच. काकांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, जन्मात पहिल्यांदा विचारलं, कधी गेली होतीस अकोल्याले? काकूंनी सांगितलं, गेली होती एकदा. काका भांडले नाहीत, तंडले नाहीत. पण तेव्हापासून काकू फुलांची पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या की काका फाटकापर्यंत येतात आणि विचारतात, “येशीन ना वापस?” काकूंनी हे मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

तेल्हारेवालीनं बरेच महिने काही लिहिलं नाही. तिचं सगळ्यांत चांगलं लिहिणं आता जगाच्या लेखी दुसऱ्याच कोणाचं होतं, मग तिनं का लिहावं? आणि मग या शेवंतीच्या हंगामात तिचा लेख आला. तिच्या घरी एक बाई येते, खुर्चीवर बसते आणि तिची गोष्ट घेऊन जाते, असा. मी काउंटरवर उभा राहून वाचला आणि गिऱ्हाइकाला थांब म्हटलं. मास्तरांनी ओळ सांगितली, नर्सबाईंनी सांगितली, मी सांगितली. जो तो सांगत होता.

मी तिला फोन करून म्हटलं, हे काकूंना पाठव, तुझं आहे, तू पाठवू शकतेस. ती म्हणाली, पाठवीन भाऊ, पण अजून हात धजत नाही. मला मात्र राहवेना. चार दिवस कसेबसे काढले आणि पुन्हा वलगावची गाडी धरली.

काकू शेवंती खुडत होत्या. खुडत म्हणजे काय, एका झाडाला दोन हात लावायचे आणि पुढे सरकायचं. मी मागे मागे. इकडचं बोललो, तिकडचं बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

“लिहिलं वाटते तिनं,” त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला पाठ होतं. त्यांनी फुलं धरलेला हात वर केला.

“सांगू नका, भाऊ. इथलं इथंच.” दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “येवढंच सांगा. कोनी नुसतं छान तं नाई म्हटलं ना?”

“नाही, काकू,” मी म्हटलं. “कोणीच नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या ओळीत शिरल्या.