मडमेसाठी मागून आणलेलं घर

निजामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुरुमजवळच्या आमच्या गावात तोवर गोऱ्या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती झालेली चार-पाच घरं, तीही गावकुसाबाहेर. वडील लोकांच्या शेतात राबायचे आणि रविवारी प्रार्थनाघर झाडून घ्यायचे. अशा आमच्या घरात मिशनची एक मडम दोन आठवडे राहून गेली.

मुरुमचे पाळक आधी येऊन सांगून गेले होते, "विलायतेहून बाई येणार हाय. तुमच्यातच ऱ्हाईल, तुमचंच खाईल. दवाखान्यात नर्सिंग शिकायला यंदा एक पोरगी फुकट घेणार हायेत. कोणती घ्यायची ते ही बाईच सांगणार."

माझी मोठी बहीण सातवी पास होऊन दुसऱ्यांच्या रानात खुरपत होती. गावात एकदा देवी टोचायला एक नर्स आली होती, तेव्हापासून हिला तेच वेड. शेळीच्या पायाला चिंध्या बांधायची, मला नुसतं खरचटलं तरी पाणी उकळायला घ्यायची. पाळक गेले आणि ती प्रार्थनाघरात जाऊन बसली ती जेवायलाही उठेना.

वडिलांनी मात्र एकच हिशेब केला. मुलगी बघायला पाहुणे आले की माणूस काय करतो? शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी मागून आणतो, घर भरलेलं दाखवतो. त्यांच्या लेखी ही मडमही बघायलाच येत होती. मग मुरुमच्या शिंपीचाचांकडून लोखंडी खाट आली, कपबश्या आल्या. मामाकडून गव्हाचं पोतं आलं. मावशीचं इरकल लुगडं आईच्या अंगावर चढलं. खाट आणायला बैलगाडी खुद्द पाळकांनी दिली. आणि बहिणीचं खुरपणीला जाणं बंद झालं. मडमेच्या नजरेला पडायला नको म्हणून.

मडम वाईट नव्हती, हे मला आज कबूल करावं लागतं आणि त्याचाच संताप येतो. हसायची, पोरांना गाणी शिकवायची, ताटातलं सगळं चाटूनपुसून खायची. तिला चपाती, अंडी, कोंबडीचा रस्सा. तिचं जेवण झालं की आम्ही गोणपाटाच्या आडोशामागं भाकरी आणि चटणी खायचो, तेही आवाज न करता. आमच्या कोंबड्या एकेक करून संपल्या. दोन आठवड्यांत त्या बाईला एकदाही वाटलं नाही, की ही माणसं जेवतात कधी आणि काय? देवाच्या नावानं सात समुद्र ओलांडून आली, पण एक गोणपाट काही तिच्यानं ओलांडवलं नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं काहीतरी विचारलं. पाळकांनी मराठीत सांगितलं, "बाई विचारत्यात, पोरगी रानात कामाला जाती का?"

बहीण दारातच उभी होती. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात वडिलांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"न्हाय जी," वडील म्हणाले. "आमच्यातल्या पोरी रानात जात न्हाईत. देवाच्या दयेनं काय कमी न्हाय."

पाळकांनी ते इंग्रजीत सांगितलं. मडमेनं आनंदानं आईचे हात हातात घेतले.

पुढच्या महिन्यात पाळक आले ते अंगणातच उभे राहिले. जागा दुसऱ्या गावच्या मुलीला मिळाली होती. मडमेनं मिशनमध्ये सांगितलं होतं, या घरावर देवाची कृपा आहे, यांची मुलगी स्वतःच्या बळावर शिकेल. जागा खऱ्या गरिबाला द्या.

आई म्हणाली, "मग सांगा की त्यास्नी खरं काय ते! तुमाला ठावं व्हतं की समदं."

"बाई गेल्या बोटीनं. आन् आता सांगायचं तरी काय? तुमी खोटं बोलला, आन् म्या ते इंग्रजीत सांगितलं, आसं?"

मला त्या पाळकांची तेव्हाही चीड आली आणि आजही येते. आम्ही अडाणी होतो, आम्हाला मिशनची रीत ठाऊक नव्हती. त्यांना होती. पण पाहुणीसमोर आपली मंडळी नीटनेटकी, खाऊनपिऊन सुखी दिसावी, ही हौस त्यांनाही होतीच. त्या हौसेपायी माझ्या बहिणीचं वाटोळं झालं.

पाळक गेल्यावर वडील म्हणाले, "देवाची मर्जी, दुसरं काय."

बहीण कोपऱ्यात खुरपं शोधत होती. तिच्या तोंडून वडिलांना उलट उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. वळूनही न बघता ती म्हणाली, "देवाच्या नावावर घालू नका, बाबा. त्याला कुणी इचारलं न्हवतं. तुमाला इचारलं व्हतं."

वडिलांनी हात उगारला असता तर बरं झालं असतं. ती खुरपं घेऊन रानात गेली, आणि पुढं जन्मभर दुसऱ्यांच्याच रानात गेली.