कार्डाने विचारलं, लेक 'हो' म्हणाला

माझा लेक कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "आधी कॉपी, मग स्क्रू," असं गिऱ्हाइकांना बजावतो. सून हसायची, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

ती गेल्यावर तिचा आवाज तेवढा घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर उरला होता. परवा त्या कॉम्प्युटरला डिस्क दिसेना. दुकानात नेऊन आधी कॉपी काढण्याइतका धीर लेकाला नव्हता. त्याने लगेच डिस्क चालवणारं नवं कंट्रोलर कार्ड बसवून डिस्क त्याला जोडली. कार्डाने स्क्रीनवर विचारलं, डिस्क नव्याने तयार करू? कोऱ्या डिस्कना रोज 'हो' म्हणणारं त्याचं बोट सवयीने 'हो'वर पडलं. सगळं पुसलं गेलं.

तो जेवला नाही. मग म्हणाला, "आई, ती हाक मारायची तशी मारून दाखव ना."

मी मारली. पण ती आईचीच हाक झाली.