न मोडलेला काटा

पायाला काय होतं, असं सगळे विचारतात आणि मला सांगता येत नाही. त्याचाच जास्त वैताग येतो. कोरड्या जमिनीवर बसले तरी पोटरीवरून पाण्याची धार चालल्यासारखी वाटते. साडी वर करून बघते, तर पाय कोरडा. कधी गुडघ्याखाली कुणी सुतळी करकचून आवळल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, एमएस आहे, मेंदू-मणक्यातल्या शिरांचा आजार आहे, पायात काही नाही. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पायात काई न्हाई, तर मग पाय कावून वडती?"

कापसाची वेचणी सुरू झाली होती. औषधाने जरा बरं होतं आणि मला बायकांबरोबर जायचं होतं. घरात बसून सगळ्यांच्या नजरा झेलण्यापेक्षा रान बरं.

जायच्या आदल्या दिवशी टाचेत सारखं टोचत होतं. सासूबाईंनी विचारलं. मी म्हणाले, काटा मोडल्यावानी वाटतंय. दुसरं काय सांगणार? गल्लीतल्या सगळ्यांचे बाभळीचे काटे सासूबाईच काढतात. त्यांनी लगेच माझा पाय मांडीवर घेतला आणि सुईने कोरायला सुरुवात केली. काटा सापडेना.

"आत गेला आसंल," माझी जाऊ म्हणाली. "बिब्बा लावा, वर यील."

सासूबाईंनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेलं गरम तेल टाचेला लावलं.

"चटका बसला का गं?"

"न्हाई."

खरंच बसला नव्हता. त्या पायाला गरम-थंड कळतच नाही.

"बग, मंजी लई खोल हाय," म्हणून त्यांनी पुन्हा बिब्बा तापवला. मी जितक्या वेळा नाही म्हणाले, तितका तो काटा खोल जात राहिला.

"पाय हाय का लाकूड, बाई!" जाऊ हसली. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. पाय देऊन बसले.

सकाळी टाचेला हा एवढा फोड. चप्पल घालता येईना. बायका माझ्या दारावरून वेचणीला गेल्या. सासूबाई खूश. "बिब्बा उतला. आता निगंल काटा."

फोड सुकेपर्यंतचे दिवस घरात बसून काढले. वेचणी अजून चालू होती. निघायच्या सकाळी टाच पुन्हा टोचायला लागली. मी पाय झटकला, तेवढं सासूबाईंनी पाहिलं आणि सुई हुडकायला लागल्या. "आण हिकडं."

"आत्याबाई, पाय न्हाई द्यायची मी. काटा न्हाई त्यात. कदीच नव्हता."

"मग टोचतंय काय?"

"मला काय म्हाईत! टोचू द्या."

"आगं बया, हिला तोंड हाय की," जाऊ म्हणाली.

मी पायात मोजे चढवले, वेचणीचं फडकं कमरेला बांधलं आणि निघाले. मागून सासूबाई ओरडल्या, "लंगडत आलीस तर हात लावायची न्हाई मी!"

मला तेच तर पाहिजे होतं. पण उलटून एवढं बोलायचं काही जमलं नाही.