सरकारचा की बोर्डाचा

"सरकारी काम आहे, बसायला वेळ नाही," असं म्हणत ते बसत. मग कोटाची पितळी बटणं वरपासून खालपर्यंत चाचपून पाहत आणि सगळी जागेवर आहेत अशी खात्री झाली की चहाकडे वळत. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या घरात कोटाला माणसांपेक्षा जास्त मान असतो.

हे आमच्या कर्जत तालुक्यातले देवी टोचणारे. गावोगाव फिरून लहान मुलांच्या दंडावर लस टोचायची आणि आठवड्याने पुन्हा जाऊन टोचल्या जागी फोड नीट उठलाय की नाही ते पाहायचं, हा त्यांचा धंदा. पण धंदा म्हटलेलं त्यांना खपत नसे.

मी कशेळ्याला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. तेही बोर्डाचेच नोकर, त्यामुळे आमचा वाद ठरलेला. पगार बोर्ड देतं, रजा बोर्ड देतं, मग तुम्ही सरकारी कसे, असं मी विचारी.

"मास्तर, देवी टोचायचा कायदा कुणाचा? सरकारचा. बोर्ड नुसता मधला हमाल."

चोरी करू नये हाही सरकारचाच कायदा आहे, तेव्हा चोरी न करणारे सगळेच सरकारी नोकर झाले, असं मी एकदा म्हणालो. त्यावर ते उठून गेले आणि पुढचे काही दिवस चहाला आले नाहीत.

एकदा कलेक्टरसाहेबांचा मुक्काम कर्जतला होता. मामलेदार कचेरीतली मंडळी पागोटी घालून ओळीत उभी होती. हे सर्कल इन्स्पेक्टरच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अव्वल कारकुनाने त्यांना कोपराला धरून बाहेर काढलं आणि ही सरकारी नोकरांची ओळ आहे, बोर्डाच्या लोकांनी तिकडे पाणक्याजवळ थांबावं, असं सगळ्यांदेखत सांगितलं. संध्याकाळी ते मला म्हणाले, "आज गर्दी फार होती. जागा सोडावी लागली." त्या संध्याकाळी त्यांनी बटणं चाचपली नाहीत. माझा मुद्दा बिनतोड होता, पण मला तो मांडावासा वाटला नाही.

पुढे एका वर्षी शिमग्यानंतर डोंगरातल्या एका ठाकरवाडीत देवी आल्या. पोरं दगावू लागली. मधली डोंगराची सोंड ओलांडली की दुसरी वाडी, आणि तिथल्या एकाही पोराला टोचलेलं नव्हतं. हे तिथे लस घेऊन गेले तर झोपड्या रिकाम्या, चुलीत मात्र विस्तव. माणसं पोरं घेऊन रानात पळाली होती. थोड्याच दिवसांपूर्वी जंगल खात्याचे शिपाई येऊन घराघरातले कोयते उचलून घेऊन गेले होते. तेव्हापासून पितळी बटणं दिसली की वाडी रिकामी होई. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं.

ते माझ्याकडे आले आणि उभेच राहिले. "मास्तर, उद्या रविवार आहे. तुम्ही चला. लस उन्हाने मरेल, आणि ती पोरं..."

वाडीत एक ठाकरीण म्हातारी तेवढी होती. गुडघ्यांमुळे तिला पळता आलं नव्हतं. तिने आधी बटणं पाहिली, मग तोंड.

"तू सरकारचा हाय ना?"

हा प्रश्न मी त्यांना कितीदा तरी विचारला होता आणि उत्तर नेहमी तयार असे. ते वर झाडीकडे पाहत राहिले. तिथे कुठेतरी एक पोर रडलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. मग त्यांनी कोट काढला, घडी करून दगडावर ठेवला. आत ठिगळ लावलेली बंडी होती.

"नाय आजी. मी सरकारचा नाय. बोर्डाचा."

"बोर्ड कोण?"

"रस्ता करतं, शाळा काढतं, विहीर बांधतं."

"आमच्यात यातलं कायच नाय. मंग तू कोणाचाच नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. "कोणाचाच नाय, आजी."

म्हातारी हसली. आत जाऊन तिने हळद आणली आणि लशीच्या डबीला बोट लावायला हात पुढे केला. एरवी त्या डबीला ते कुणाचा पदरही लागू देत नसत. देवीची म्हणून बायका हळदकुंकू घेऊन आल्या की सरकारी वस्तू आहे म्हणून खेकसत. आज त्यांनी ती दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. मग तिने रानाकडे तोंड करून हाक दिली.

"या गं समद्या. सरकार नाय आलं. माणूस आलाय."

एकेक बाई पोराला घेऊन खाली आली. दुपारपर्यंत ते उकिडवे बसून टोचत होते. दंड घट्ट धरायचं काम माझ्याकडे होतं आणि लाथाही माझ्याच वाट्याला आल्या.

उतरताना कोट त्यांच्या हातावर होता. कशेळ्याची घरं दिसू लागल्यावर त्यांनी तो अंगात घातला.

"मास्तर, सरकारी कामात कधी कधी असं बोलावं लागतं."

"लागतं," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात देवी सोंड ओलांडून खालच्या गावापर्यंत गेल्या. आम्ही टोचलेल्या वाडीतलं एकही पोर गेलं नाही. पुढे बोर्डाने त्यांची बदली खालापूरकडे केली आणि तिथेच ते तापाने वारले.

त्या वाडीतल्या बायका बाजाराच्या दिवशी कशेळ्याला येतात. कोट काढून ठेवणाऱ्या त्या माणसाबरोबर मी आलो होतो, एवढीच माझी ओळख. नव्या माणसाने टोचलेली पोरंसुद्धा त्या माझ्यापुढे आणतात, दंड उघडा करतात आणि थांबतात. मला त्यातलं काही कळत नाही. मी व्रणावर अंगठा दाबतो, जरा वेळ घेतो आणि म्हणतो, "चांगलं उठलंय."